पत्ता आपला, यंत्र भाड्याचे

आमचे अप्पा, म्हणजे थोरले चुलते, मोबाइलला रिचार्ज करायचे विसरले आणि त्यांचा बारा वर्षांचा जुना क्रमांक बंद पडला. दूरसंचार खात्याच्या नियमाप्रमाणे बंद झालेला क्रमांक निदान ९० दिवस कोणाला देत नाहीत, परंतु त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो, आणि अप्पांचा क्रमांक तसाच गेला. घरात हे कोणाच्या लक्षात आले नाही. काकूंनी लातूरच्या मोंढ्यातल्या आडत्याने दिलेल्या सोयाबीनच्या पट्टीचा फोटो नेहमीप्रमाणे त्यांच्या फोनमधल्या 'अप्पा' या नावावर पाठवला, तेव्हा पलीकडून एका सभ्य गृहस्थांचे उत्तर आले की आपण अप्पा नाही, मात्र भाव बरा मिळालेला दिसतो. पुढचे दोन दिवस घरात यावरून हसणे चालले होते. अप्पा मात्र हसले नाहीत. "माझ्या नावानं दुसराच माणूस बोलायलाय की रे," एवढेच ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे माझ्या मनातून गेले नाही. आपण ज्या ॲपवर घरच्यांशी बोलतो तेथे आपली ओळख म्हणजे आपला मोबाइल क्रमांक. तो क्रमांक एका कंपनीचा, त्यावर उघडलेले खाते दुसऱ्या कंपनीचे, आणि आपण दोन्हीकडे भाडेकरू. माझ्याकडे काही वर्षांपासून डॉट इन या शेवटाचे एक डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव, होते आणि त्यावर माझे लहानसे संकेतस्थळ चालत होते. त्याच डोमेनवर घरातल्या प्रत्येकाला गप्पांचा एकेक पत्ता द्यावा, ईमेलच्या पत्त्यासारखाच, आधी माणसाचे नाव आणि पुढे आमच्या घराचे, असे मी ठरवले. डोमेनही दरवर्षी पैसे भरूनच आपल्याकडे राहते, हे मला ठाऊक आहे. फरक एवढाच की ज्या नोंदणीदाराकडून ते घेतले तो पसंत पडला नाही तर डोमेन दुसऱ्याकडे हलवता येते आणि नाव तेच राहते. क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, पण त्यावरचे खाते ज्या कंपनीचे आहे तिच्याकडून ते हलवून आपल्या घरी आणता येत नाही.

ही काही नवी कल्पना नव्हे. जेरेमी मिलर या प्रोग्रामरने जॅबर नावाने अशाच खुल्या गप्पांचे काम १९९९ च्या जानेवारीत जाहीर केले आणि २००४ साली इंटरनेटची प्रमाणे ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने त्याला एक्सएमपीपी या नावाने प्रमाणरूप दिले. त्यामागचा विचार ईमेलचाच आहे: प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा असला तरी सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतात. मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शिकायला होतो तेव्हा आमच्या वसतिगृहातल्या एका मित्राने असाच सर्व्हर चालवला होता आणि मी माझ्या गूगल टॉकच्या खात्यावरून त्याच्याशी बोलत असे. गूगल टॉक २००५ साली सुरू झाले आणि २००६ च्या जानेवारीत त्याने इतर सर्व्हरांसाठी दार उघडले. २०१३ साली गूगलचेच हँगआउट्स आले आणि ते दार मिटत गेले. मित्राचा सर्व्हर चालूच होता, पण त्याच्याशी बोलायला पलीकडे कोणी उरले नाही. याचा राग मला बरीच वर्षे होता आणि नव्याने सुरुवात करताना एक्सएमपीपीच निवडण्यात त्या रागाचा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे.

रागाखेरीज कारणेही होती. मॅट्रिक्स हा २०१४ साली सुरू झालेला दुसरा खुला मार्ग आहे आणि त्याची ॲप्स दिसायला अधिक नेटकी आहेत. मात्र त्याचा प्रचलित सर्व्हर सिनॅप्स हा पायथनमध्ये लिहिलेला असून तो नीट चालवायचा तर पोस्टग्रेएसक्यूएलसारखा डेटाबेस जोडीला लागतो. शिवाय बाहेरच्या एखाद्या मोठ्या गटात आपल्याकडचा एक माणूस गेला तरी त्या गटाचा व्यवहार आपल्या सर्व्हरवरही उतरत राहतो. एक गिगाबाइट स्मृतीच्या स्वस्त यंत्रावर मला हे ओझे नको होते. एक्सएमपीपीसाठी ईजॅबरडी आणि प्रोसोडी हे दोन सर्व्हर सहज मिळतात. पहिला अर्लँग भाषेतला, अजस्र भार पेलणारा. व्हॉट्सॲपची सुरुवातही त्याचेच बदललेले रूप वापरून झाली होती. दुसरा लुआ भाषेतला, हलका, आणि त्याची मांडणीची फाइल एका बैठकीत वाचून समजेल एवढी सुबोध. आम्ही अकरा माणसे. प्रोसोडी घेतला.

पहिला प्रयत्न मी घरीच केला. जुना रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, कपाटावर ठेवला, त्याला राउटरची तार जोडली, पोर्ट, म्हणजे सेवेचे क्रमांक दिलेले दार, पुढे पाठवण्याची नोंद राउटरमध्ये केली, आणि तरीही बाहेरून काहीच पोहोचेना. दोन रात्री घालवल्यावर राउटरला मिळालेला पत्ता पाहण्याचे सुचले. तो १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली ज्या कामासाठी राखून ठेवले गेले ते काम हेच: इंटरनेट पुरवठादार शेकडो घरांना एका सार्वजनिक पत्त्याआड बसवतो आणि आतल्या घरांना हे अंतर्गत पत्ते देतो. आतून बाहेर जाता येते. बाहेरच्याला मात्र आपले घर सापडत नाही. पुरवठादाराच्या कचेरीत फोन करून स्थिर सार्वजनिक पत्ता मागितला, तर पलीकडच्या मुलाने मला दोनदा "सर, वायफाय चालू आहे का?" असे विचारले. त्याचा दोष नव्हता. लातुरात ही मागणी करणारा मी त्याला पहिलाच भेटलो असेन. पुढे तो पत्ता जादा पैसे भरून मिळालाही असता, पण त्याआधीच एका दुपारी लाईन गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली, आणि वीज परत आली तेव्हा रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावरची फाइल-व्यवस्था मोडली होती. ज्या घरात उन्हाळ्यात पंखाही बेभरवशाचा असतो तेथे घरच्यांचे बोलणे सांभाळणारे यंत्र ठेवणे हा हट्ट आहे, असे मी स्वतःशी कबूल केले.

म्हणून मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्याने एक आभासी यंत्र, म्हणजे मोठ्या संगणकाचा एक वाटा, घेतले आणि त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवली. मग हे 'स्वतःचे' कसे, असा प्रश्न पुण्याच्या दादाने लगेच विचारला. प्रश्न योग्य होता. माझे उत्तर असे की यंत्र भाड्याचे असले तरी पत्ता आमचा आहे. भाडेकरार कधीही मोडून आम्ही दुसऱ्या यंत्रावर जाऊ शकतो आणि घरात कोणालाही आपला पत्ता बदलावा लागणार नाही. दादाने मान हलवली, पण त्याला हे पटलेले दिसले नाही.

प्रोसोडी बसवणे हे या साऱ्या उद्योगातले सर्वांत सोपे काम. डेबियनच्या भांडारातून ते एका आज्ञेने येते, मांडणीच्या फाइलमध्ये आपल्या डोमेनचे नाव लिहावे लागते, आणि खाती प्रोसोडीसीटीएल या आज्ञेने एकेक करून तयार करता येतात. नोंदणी सर्वांना खुली ठेवू नये; खुला सर्व्हर दिसला की फसव्या संदेशांचे कारखाने तेथे रातोरात शेकडो खाती उघडतात. ॲपसाठी ५२२२ आणि इतर सर्व्हरांसाठी ५२६९ अशी दोन पोर्ट उघडी असली की मूळ काम भागते. या दोन क्रमांकांनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो डीएनएसने, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या यादीने, आणि प्रमाणपत्राने, आणि तो का झाला हे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण अनेक जण येथेच अडतात.

माझे संकेतस्थळ एका जागी आणि गप्पांचा सर्व्हर दुसऱ्या जागी, पण दोघांचे डोमेन एकच. ब्राउझरने डोमेनचे नाव विचारले की त्याला संकेतस्थळाचा पत्ता मिळायला हवा. गप्पांच्या ॲपने तेच नाव विचारले की त्याला मुंबईतल्या यंत्राचा मिळायला हवा. यासाठी डीएनएसमध्ये एसआरव्ही नावाची नोंद असते. ती सांगते की या डोमेनची एक्सएमपीपी सेवा अमुक नावाच्या यंत्रावर, अमुक पोर्टवर आहे. ॲपसाठी एक आणि सर्व्हरांसाठी एक, अशा दोन नोंदी मी केल्या. घरी पाहुणा आला तर तो ओट्यावर बसेल आणि दूधवाला मागच्या दाराने येईल, तसाच हा प्रकार. येथवर सारे ठीक झाले.

आता प्रमाणपत्र. संभाषण मार्गात कोणी वाचू नये म्हणून ते टीएलएसने सांकेतिक होते आणि समोरचा सर्व्हर खरा आहे हे प्रमाणपत्रावरून कळते. माझा साहजिक समज असा होता की यंत्राचे नाव जे असेल त्या नावाचे प्रमाणपत्र हवे. तो चुकीचा होता. ॲपच्या दृष्टीने वापरकर्त्याने टंकलेले नाव, म्हणजे डोमेनचे नाव, तेवढेच खरे. एसआरव्ही नोंदीतून मिळालेले यंत्राचे नाव डीएनएसमधून आलेले असते आणि डीएनएसवर कोणी फेरफार केलेला असू शकतो, म्हणून ॲप त्यावर विसंबत नाही. त्यामुळे मुंबईतल्या यंत्राकडे मुख्य डोमेनचेच प्रमाणपत्र लागते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असे प्रमाणपत्र विनामूल्य देते, पण डोमेन तुमचेच आहे हे आधी दाखवावे लागते. त्याची नेहमीची पद्धत म्हणजे त्या नावाच्या संकेतस्थळावर त्यांनी सांगितलेली एक फाइल ठेवणे. माझे संकेतस्थळ दुसरीकडे, त्यामुळे मुंबईतले यंत्र ती फाइल दाखवू शकत नव्हते. दुसरा मार्ग डीएनएसचा: त्यांनी दिलेली खूण एका मजकूर-नोंदीत लिहायची, त्यांनी ती तपासायची. मी नोंदणीदाराच्या पानावर जाऊन ती खूण हाताने लिहिली आणि प्रमाणपत्र मिळवले. त्यातच गटांसाठीचे आणि फाइलींसाठीचे उपडोमेनही घातले, कारण प्रोसोडी या दोन सेवा वेगळ्या नावांनी चालवते आणि त्या नावांचा विसर पडला तर बोलणे होते पण फोटो जात नाहीत.

हे मी पितृपंधरवड्यात केले. आई म्हणाली होती की नवे काम आत्ता काढू नकोस. मी हसून विषय बदलला.

लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र ९० दिवस चालते. सर्वपित्री अमावस्येपासून मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येपर्यंत तीन चांद्रमास होतात, म्हणजे सुमारे ८९ दिवस. मी सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्र घेतले होते, त्यामुळे ते संपले नेमके येळवशीला. आमच्याकडे येळवस म्हणजे काय हे लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगायला नको: सारे घर शेतात, कडब्याची कोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी दिवसभर फोटो. त्या दुपारी औशाच्या शेतात अकरापैकी सात फोनांवर एकदम इशारा झळकला की सर्व्हरचे प्रमाणपत्र ग्राह्य नाही. हाताने घेतलेले प्रमाणपत्र आपोआप नवे होत नाही, ही साधी गोष्ट मी नजरेआड केली होती. आईने आंबिलीचा तांब्या पुढे करत एवढेच म्हटले, "म्हणलं होतं की."

मुदत संपल्याची लाज वाटली, पण काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटली. सातपैकी तीन जणांनी तो इशारा न वाचता 'स्वीकारा' दाबले होते. तो इशारा कशासाठी असतो याचे चांगले उदाहरण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जॅबर डॉट आरयू या जुन्या रशियन सेवेने जगापुढे ठेवले. जर्मनीत ठेवलेल्या त्यांच्या सर्व्हरच्या ५२२२ या पोर्टवर कोणीतरी वाटेतच बसून संभाषण उलगडत होते, आणि त्यासाठी त्या मध्यस्थाने लेट्स एन्क्रिप्टकडूनच त्याच डोमेनची वेगळी, पूर्ण वैध प्रमाणपत्रे मिळवली होती. वाटेत बसलेल्याला संकेतस्थळाच्या पद्धतीची परीक्षा देता येते, म्हणून ते शक्य झाले. महिनोन्‌महिने हे चालले. उघडकीस आले ते अशामुळे की त्या मध्यस्थाचे एक प्रमाणपत्र मुदतीत नवे केले गेले नाही, आणि सेवाचालकांना आपल्याच सर्व्हरशी जोडताना 'मुदत संपली' असा इशारा दिसला, जेव्हा त्यांची स्वतःची प्रमाणपत्रे तर शाबूत होती. तेथे संपलेल्या मुदतीने चोर सापडला; आमच्याकडे तीन माणसांनी तोच इशारा बोटाने बाजूला सारला होता.

त्या रात्री शेतातून परत आल्यावर मी तीन गोष्टी केल्या. डीएनएस अशा सेवेकडे नेला जेथे सर्टबॉट हा प्रमाणपत्रे आणणारा प्रोग्रॅम स्वतः खूण लिहू शकतो आणि पुसूही शकतो. नवे प्रमाणपत्र येताच ते प्रोसोडीच्या फोल्डरात नकलले जावे अशी आज्ञा त्याला जोडली, कारण प्रोसोडी स्वतःच्या मर्यादित अधिकाराने चालते आणि सर्टबॉटच्या फोल्डरातली खासगी किल्ली त्याला वाचता येत नाही. हे न केल्यास प्रमाणपत्र नवे होऊनही प्रोसोडी जुनेच दाखवत राहते. आणि डीएनएसमध्ये सीएए नोंद घातली, जिच्यात केवळ लेट्स एन्क्रिप्टनेच, तेही माझ्याच खात्याला, या डोमेनचे प्रमाणपत्र द्यावे असे लिहिता येते. मुदत संपत आल्याची ईमेल पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट पाठवत असे, पण २०२५ च्या जूनपासून त्यांनी ती बंद केली. तेव्हा आता यंत्रच रोज पहाटे मुदत मोजते आणि २० दिवसांहून कमी उरले की मला गप्पांमध्येच संदेश पाठवते.

यानंतर काही दिवसांनी वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला विचारले, "भाऊजी, आम्ही काय लिहितो ते सगळं तुम्हाला दिसतंय का ओ?" अकरा माणसांच्या सर्व्हरचा चालक होणे म्हणजे काय, हे त्या प्रश्नाने मला पहिल्यांदा नीट कळले. दूरच्या कंपनीने आपले वाचले तर माणूस खांदे उडवतो. दिराने वाचले तर घरात राहणे अवघड होते. मी त्यांना खरे ते सांगितले. पासवर्ड मला दिसत नाही, कारण प्रोसोडी त्याचे केवळ उलट न फिरवता येणारे रूप साठवते. मजकुराचे म्हणाल तर, ओमेमो ही संदेशाला कुलूप लावणारी पद्धत चालू असेल तेव्हा तो एका फोनवर कुलूपबंद होतो आणि दुसऱ्या फोनवरच उघडतो. सर्व्हरवर मला निरर्थक अक्षरांची माळ दिसते. ओमेमो बंद असेल तर मात्र सर्व्हरच्या संग्रहात संदेश जसाच्या तसा असतो आणि मला हवे असल्यास तो वाचता येईल. आणि ओमेमो असो वा नसो, कोण कोणाशी किती वाजता बोलले हे सर्व्हरला कळतेच. वहिनी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग ते कुलूप लावूनच द्या." कॉन्व्हर्सेशन्स या अँड्रॉइडच्या ॲपमधूनच २०१५ साली ओमेमोची सुरुवात झाली आणि घरच्या बहुतेक फोनांवर तेच आहे, त्यामुळे दोघांच्या बोलण्याला कुलूप आपोआपच होते, गटाला ते लागण्यासाठी गट केवळ सदस्यांसाठीचा आणि सदस्यांचे पत्ते एकमेकांना दिसणारा असावा लागतो, तसा तो करून दिला.

या कुलपाची किंमत नंतर कळली. नांदेडच्या ताईने नवा फोन घेतला, त्यावर खाते उघडले, आणि जुने संदेश आले खरे पण वाचता येईनात. किल्ली फोनमध्ये जन्मते आणि नव्या फोनची किल्ली नवी असते. जुन्या किल्लीने बंद केलेले नव्या किल्लीने उघडत नाही. जुना फोन देऊन टाकण्याआधी ॲपमधून संग्रहाची प्रत काढून ठेवावी, हे मी आधी सांगायला हवे होते. ताईला गेलेल्या संदेशांचे फार वाटले नाही. नातवाच्या बारशाच्या फोटोंचे वाटले. त्यातही चूक माझीच निघाली. प्रोसोडी चढवलेल्या फाइली मुळात एक आठवडाच ठेवते आणि संदेशांचा संग्रहही आठवडाभराचाच असतो. हे दोन्ही आकडे मांडणीत बदलता येतात आणि मी ते पाहिलेच नव्हते. सुदैवाने पुण्याला दादाच्या फोनवर ते फोटो उतरलेले होते. आता संदेश एक वर्ष आणि फाइली सहा महिने राहतात, आणि मूळची १० मेगाबाइटची मर्यादा मी ५० वर नेली आहे. मजकुराला जागा लागतेच किती! देवनागरीचे एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणून मराठी संदेश इंग्रजीच्या जवळपास तिप्पट जागा अडवतो, तरी अकरा माणसांचे वर्षभराचे लिखाण लग्नाच्या एका चित्रफितीपुढे काहीच नाही.

देवनागरीवरून आठवले. डॉट भारत हे देवनागरी शेवटाचे डोमेन २०१४ पासून मिळते आणि एक्सएमपीपीचा पत्ता देवनागरीत असायला प्रमाणाची काही हरकत नाही. तेव्हा सगळे पत्ते मराठीतच ठेवण्याचा मोह मला झाला होता. तो मी आवरला, कारण 'दऱ्या', 'सुऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. अप्पांना हे समजावण्याची ताकद माझ्यात नव्हती.

फोनांच्या तक्रारी अजून चालू आहेत. कॉन्व्हर्सेशन्स सर्व्हरशी स्वतःची जोडणी धरून ठेवते आणि काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अशा ॲपला झोपवतात, त्यामुळे 'सकाळी पाठवलेले मला दुपारी मिळाले' असे ऐकावे लागते. प्रत्येक फोनमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्यावी लागते. भाच्याकडे आयफोन आहे, त्याच्यासाठी मोनल हे ॲप आणि सर्व्हरवर सूचनांचे एक जादा मॉड्यूल. कॉलसाठी कोटर्न बसवले, कारण दोघेही मोबाइल डेटावर असले की माझ्या राउटरची जी गत होती तीच दोघांच्या फोनची असते आणि मध्ये कोणीतरी आवाज पोहोचवणारा लागतो.

दादाच्या प्रश्नाचे उत्तर मला दीड वर्षानंतर कृतीने देता आले. भाड्याच्या यंत्राचे दर वाढले आणि मी दुसरीकडे जायचे ठरवले. दोन दिवस आधी डीएनएसच्या नोंदी इतरांनी किती वेळ लक्षात ठेवाव्यात ती मर्यादा पाच मिनिटांवर आणली, रात्री साडेअकराला प्रोसोडी थांबवले, खाती, संग्रह आणि फाइली ज्या एका फोल्डरात असतात तो नव्या यंत्रावर नेला, मांडणीची फाइल आणि प्रमाणपत्रे नेली, यंत्राच्या नावापुढचा आयपी पत्ता बदलला आणि नव्या जागी प्रोसोडी सुरू केले. एसआरव्ही नोंदींना हातही लावावा लागला नाही, कारण त्या यंत्राच्या नावाकडे बोट दाखवतात, आकड्याकडे नव्हे. वीस मिनिटे लागली. सकाळी मी गटात विचारले की रात्री कोणाला काही अडचण आली का, तर दादाने उलट विचारले, "कशाची?"

राहता राहिले डोमेनच. त्याची मुदत चुकून संपली आणि ते दुसऱ्या कोणी घेतले, तर अप्पांच्या क्रमांकाचे जे झाले तेच आम्हा अकरा जणांचे एकदम होईल. डॉट इन एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते, तसे मी घेतले आहे. पण दहा वर्षांत मी कोठे असेन कोणास ठाऊक. म्हणून एका शंभर पानी वहीत नोंदणीदाराचे खाते, यंत्राचे खाते, नूतनीकरण, प्रत काढणे आणि परत बसवणे हे सारे पायऱ्यापायऱ्यांनी मराठीत लिहून ती वही आईच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या फाइलीशेजारी ठेवली. यंदा महालक्ष्म्यांना भाचा संभाजीनगरहून आला होता. त्याला वही दिली, एक कोरे यंत्र भाड्याने घेऊन दिले, आणि मला काही न विचारता कालच्या प्रतीवरून सर्व्हर उभा करून दाखव म्हटले. तो सहाव्या पायरीपर्यंत सरळ आला आणि सातव्या पायरीवर अडला. फाइली नव्या यंत्रावर उतरवल्यावर त्यांची मालकी प्रोसोडीच्या नावे करावी लागते, हे मी लिहिलेच नव्हते. मला ते इतके सवयीचे झाले होते की ते लिहायचे असते हेच सुचले नाही. त्याने अर्धा तास डोके खाजवले, मग स्वतःच शोधून काढले आणि वहीत सातव्या पायरीखाली माझ्याहून बऱ्या अक्षरात दोन ओळी घातल्या.